फरशीखालची ऊब आणि तिचा हिशेब

मार्गशीर्ष सरत आला, ग्वाल्हेरवर सकाळचे धुके उतरू लागले, की माझ्या बाह्यरुग्ण कक्षात औषधांची चिठ्ठी घेऊन उठता उठता एक प्रश्न हमखास विचारला जातो : "डॉक्टरसाहेब, बाळाच्या खोलीत हीटर लावू का?" गेल्या काही वर्षांत या प्रश्नाने नवे रूप घेतले आहे. नवे घर बांधणारी किंवा जुन्या घराचे नूतनीकरण करणारी तरुण मंडळी विचारतात, की फरशीखाली विजेची तार घालून जमीनच गरम ठेवण्याची सोय आता मिळते, विक्रेता ती अत्यंत कमी वीज खाणारी आहे असे सांगतो, तर ती करावी काय? मूल रांगणारे असते, संगमरवर बर्फासारखा असतो, आणि आजी-आजोबांचे गुडघे दुखत असतात. प्रश्न रास्त आहे. तो वास्तुशास्त्रज्ञाला न विचारता बालरोगतज्ज्ञाला का विचारतात हे मला पुरते उमगलेले नाही. परंतु विचारतात खरे, म्हणून मी या विषयाचा थोडा अभ्यास केला. तो येथे मांडतो.

जमीन तापवून घर उबदार ठेवण्याची कल्पना नवी नाही. प्राचीन रोमन स्नानगृहांत जमीन लहान खांबांवर उचललेली असे आणि तिच्याखालून भट्टीचा उष्ण वायू खेळवीत. कोरियात 'ओंडोल' या नावाने हीच पद्धत शतकानुशतके घरोघरी नांदली. आपल्याकडे काश्मिरात मशिदींतून आणि मोठ्या घरांतून हमामची खोली असते. तिच्या दगडी जमिनीखाली लाकडे जाळतात. आणि थोडे जवळ पाहिले, तर आपल्या बाळंतिणीच्या बाजेखाली शेगडी ठेवणाऱ्या आज्यांनाही उष्णता खालून द्यावी हे ठाऊकच होते. त्या शेगडीविषयी मला पुढे कठोर बोलायचे आहे, म्हणून तिचा हा मान आधीच देऊन ठेवतो.

फरशी मुळात इतकी गार का लागते? माझ्या बैठकीच्या खोलीत जानेवारीत एकदा तापमापक ठेवून पाहिला. संगमरवर पंधरा अंश सेल्सिअस आणि शेजारी अंथरलेली सतरंजीही पंधरा अंश! तरी अनवाणी पाय संगमरवरावरून चटकन उचलला जातो आणि सतरंजीवर सुखाने टेकतो. कारण आपली त्वचा वस्तूचे तापमान मोजत नाही. आपल्यातून उष्णता किती वेगाने बाहेर जाते ते मोजते. दगड उष्णता झपाट्याने ओढून घेतो, कापूस आणि लोकर घेत नाहीत. लष्करातल्या जुन्या वाड्यांत शेणाने सारवलेली जमीन असे, ती दगडाइतकी निर्दयी नव्हती. वर घोंगडी नाहीतर चटई असे. आपण हौसेने जमिनीला संगमरवर आणि ग्रॅनाइट लावले, घोंगडी माळ्यावर टाकली, आणि आता त्या दगडाला वीज देऊन ऊब आणण्याचा विचार करीत आहोत.

बाळाच्या बाबतीत हा विषय केवळ सुखाचा नाही. तीन किलो वजनाच्या नवजात बालकाच्या शरीराचा पृष्ठभाग त्याच्या वजनाच्या मानाने प्रौढाच्या सुमारे अडीच पट असतो. त्याला कुडकुडून उष्णता निर्माण करता येत नाही. मानेभोवती आणि खांद्यांच्या पात्यांमधल्या तपकिरी मेदावर त्याची सारी मदार असते, आणि अपुऱ्या दिवसांच्या बाळाजवळ तो मेदही बेताचाच. गार पृष्ठभागाच्या स्पर्शाने, वाऱ्याच्या झुळुकीने, ओल्या अंगावरील पाणी सुकताना आणि स्पर्शाविनाही गार भिंतीकडे होणाऱ्या प्रारणाने, अशा चार वाटांनी बाळ उष्णता गमावते. यातली चौथी वाट लोकांच्या ध्यानात येत नाही. खोलीतली हवा बावीस अंश असेल, पण बाळाचा पाळणा बाहेरच्या उघड्या भिंतीला किंवा काचेच्या खिडकीला लागून असेल, तर बाळ गारच पडते. पाळणा आतल्या भिंतीकडे सरकवणे हा उपाय फुकट आहे आणि मी तो रोज सांगतो.

आता विजेचा हिशेब. विक्रेत्याच्या दाव्यातली मेख येथेच आहे. विजेचे एक युनिट जाळले की ३६०० किलोज्यूल, म्हणजे सुमारे ८६० किलोकॅलरी उष्णता मिळते. ती लाल तापलेल्या रॉड हीटरमधून मिळो, पंख्याच्या ब्लोअरमधून, तेल भरलेल्या रेडिएटरमधून वा फरशीखालच्या तारेतून. आकडा तोच राहतो. रोध असलेल्या तारेतून वीज सोडली की ती जवळजवळ संपूर्ण उष्णतेत बदलते. तेव्हा 'निम्म्या विजेत तितकीच उष्णता' असे कोणी कार्बनच्या पट्टीविषयी वा अवरक्त किरणांविषयी सांगू लागला, तर त्याला आदरपूर्वक चहा पाजून निरोप द्यावा. फरक पडतो तो उष्णता कोठे पडते, किती वेळ राहते आणि किती वाया जाते यात.

याला एकच खरा अपवाद आहे, तो म्हणजे गरम हवाही देणारा एअर कंडिशनर. तो उष्णता निर्माण करीत नाही, बाहेरच्या हवेतली उष्णता उचलून आत आणतो. सहा-सात अंशांच्या हवेतही उष्णता असतेच. त्यामुळे एका युनिटात तो साधारण तीन युनिटांइतकी उष्णता खोलीत टाकतो. बाहेर फार गारठा आणि धुके असले की त्याच्या बाहेरील नळ्यांवर हिम जमते, ते वितळवण्यासाठी तो मधूनमधून थांबतो, आणि हे प्रमाण खाली येते. तरी साध्या हीटरच्या तो बराच पुढे राहतो. मात्र खरेदी करताना एक सावधगिरी हवी. आपल्याकडील यंत्रांवरचे तारे थंड करण्याच्या कामगिरीवर दिलेले असतात. गरम करण्याची कार्यक्षमता वेगळी विचारून घ्यावी, आणि यंत्र खरोखर दोन्ही कामे करणारे आहे ना, हे आधी पाहावे.

आता एक खोली घेऊ. बारा फूट लांब, बारा फूट रुंद, दहा फूट उंच. वरच्या मजल्यावरची, दोन भिंती बाहेरच्या, एक खिडकी. बाहेर सहा अंश, आत वीस अंश हवे आहेत. नऊ इंची विटांच्या भिंतींतून दर अंशाला सुमारे ४० वॅट बाहेर जातात, एकेरी काचेतून ११, हवेच्या अदलाबदलीतून १३, आणि उघड्या काँक्रीटच्या छतातून तब्बल ४५. बेरीज जवळपास ११०. चौदा अंशांच्या फरकाला दीड किलोवॅट लागतात; रात्रीचे दहा तास धरले तर पंधरा युनिटे. युनिटला आठ रुपये धरले, तर रात्रीला १२० रुपये आणि कडाक्याच्या साठ रात्रींना ७२०० रुपये. हाच भार एअर कंडिशनरवर टाकला तर पाच युनिटांत काम होते.

या पंधरा युनिटांपैकी सहा एकट्या छतातून निघून जातात. आपल्या गावच्या पटियांच्या, म्हणजे दगडी फळ्यांच्या छतावर पूर्वी मातीचा जाड थर असे. तो गेला आणि उघडा स्लॅब आला. छतावर दोन इंच जाडीचा, दाबला न जाणारा फोमचा उष्णतारोधक थर घालून वर जलरोधक कोबा केला, तर त्या ४५ वॅटचे सात उरतात आणि खोलीची गरज एक किलोवॅटवर येते. हाच थर मे महिन्यातही कामाला येतो. ग्वाल्हेरचा उन्हाळा काय असतो हे आपल्या वाचकांना सांगावयास नको. त्यामुळे फरशी तापवण्यासाठी बाजूला काढलेला पैसा आधी छतावर घालावा असे माझे स्पष्ट मत आहे.

छताचा संबंध फरशीशी आणखी एका रीतीने येतो. जमीन हवी तितकी तापवता येत नाही. युरोपीय मानकांत वावरण्याच्या जागेतील फरशीची मर्यादा २९ अंश ठरवली आहे. त्यावर पाय सुजल्यासारखे, अस्वस्थ वाटू लागतात. खोली वीस अंश आणि फरशी २९ असेल, तर एका चौरस मीटरमधून सुमारे १०० वॅट उष्णता वर येते. आपल्या खोलीत पलंग आणि कपाट सोडून मोकळी जागा जेमतेम दहा चौरस मीटर, म्हणजे एक किलोवॅट. मग उघड्या छताच्या खोलीची दीड किलोवॅटची गरज ही फरशी कधीच भागवू शकणार नाही. चौरस मीटरला १५० वॅटची जाळी विकणारा खोटे बोलत नसतो; पण थर्मोस्टॅट तिला मर्यादेवर थांबवणार, आणि थांबवलेच पाहिजे. छत झाकले तर मात्र गरज आणि पुरवठा जुळतात.

फरशी तापवण्याच्या बाजूनेही बोलले पाहिजे. ब्लोअरची उष्ण हवा छताशी जमते आणि पाय गारच राहतात. जमीन तापली की ऊब खालून वर येते, डोके गार आणि पाय उबदार राहतात, आणि सभोवतालचा मोठा पृष्ठभाग उबदार असल्याने हवेचे तापमान एक-दोन अंश कमी ठेवूनही तितकेच सुख वाटते. पंख्याचा आवाज नाही, धूळ उडत नाही, आणि रांगत्या मुलाचा हात लागेल असा लालबुंद रॉडही नाही. रॉड हीटरने भाजलेले चिमुकले तळहात मी दर हिवाळ्यात पाहतो. या एका कारणासाठीही कोणी फरशी तापवली तर मी त्याला वेडा म्हणणार नाही.

परंतु तारेखाली उष्णतारोधक थर नसेल तर निम्मा खर्च स्लॅबला आणि खालच्या बिऱ्हाडाला ऊब देण्यात जातो. जाड काँक्रीटमध्ये पुरलेली तार तापायला कित्येक तास लागतात. ती दिवसभर माणसे वावरणाऱ्या खोलीला ठीक, संध्याकाळी दोन तास बसण्याच्या खोलीला निरुपयोगी. टाइलच्या लगेच खाली बसवलेली पातळ जाळी अर्ध्या-पाऊण तासात तापते, म्हणून ती स्नानगृहाला योग्य. माझ्या मते आपल्या घरांत या सोयीची खरी जागा तीच आहे, विशेषतः वृद्ध माणसांच्या स्नानगृहात. गारठ्यात कपडे काढून गार फरशीवर उभे राहताना रक्तवाहिन्या आकुंचन पावतात आणि रक्तदाब चढतो, हे आपल्या हृदयरोगतज्ज्ञ मित्रांना वेगळे सांगायला नको. तीन-चार चौरस मीटरची जाळी, दिवसातून एक तास. खर्च अर्ध्या युनिटाच्या आसपास.

आणखी एक गोष्ट परदेशी माहितीपत्रकांत नसते. आपण जमिनीवर गाद्या घालतो. पाहुणे आले की सरसकट घालतो, आणि बाळाला तर दुपारभर तेथेच ठेवतो. तापलेल्या फरशीवर जाड गादी पडली की खालची उष्णता कोंडते. थर्मोस्टॅटची संवेदक तार दुसऱ्या कोपऱ्यात असेल तर तिला त्याचा पत्ताही लागत नाही, आणि गादीखालची जमीन मर्यादेच्या पलीकडे तापत राहते. ४४ अंशांचा पृष्ठभाग हाताला केवळ गरम भासतो, पण सहा तास सतत त्वचेला लागून राहिला तर भाजतो. बाळ कूस बदलू शकत नाही, आणि मधुमेहाने संवेदना गेलेल्या आजोबांच्या पायाला ते कळत नाही. शिवाय अति उष्णतेचा संबंध झोपेतील आकस्मिक बालमृत्यूशी जोडला गेला आहे. म्हणून तापणाऱ्या फरशीवर बाळाला निजवू नये. ते पाळण्यात वा बाजेवर निजावे, आणि खेळताना खाली पातळ सतरंजी असावी.

आता शेगडी. दर वर्षी डिसेंबर-जानेवारीत उत्तर हिंदुस्थानातल्या कोठल्या ना कोठल्या गावाची बातमी येते, की बंद खोलीत शेगडी ठेवून निजलेले कुटुंब सकाळी उठलेच नाही. काही वर्षांपूर्वी पहाटे एका कुटुंबातली तीन माणसे माझ्याकडे आली : बाळंतीण, तिची सासू आणि बारा दिवसांचे बाळ. दोघींना डोकेदुखी आणि ओकाऱ्या. रात्रीच्या जेवणातून विषबाधा झाली असा घरच्यांचा समज. बाळ मात्र आईच्या दुधावर होते, आणि तेही मलूल पडले होते. बोटावरचा प्राणवायूमापक तिघांनाही ९८ दाखवीत होता. "शेगडी कोठे होती?" एवढे विचारताच सासूबाईंनी बाजेखालचा कोळसा, ओव्याची धुरी आणि वारा लागू नये म्हणून दाराच्या फटीत कोंबलेली रजाई, सारे सांगून टाकले. तिघेही प्राणवायूवर सुधारले.

व्यवसायबंधूंना ठाऊक असलेली गोष्ट इतर वाचकांसाठी सांगतो. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनशी तो प्राणवायूच्या दोनशेहून अधिक पट घट्ट बांधला जातो. साधा बोटावरचा मापक त्या जोडीला प्राणवायूचीच जोडी समजतो, म्हणून ९८ आकडा पाहून निर्धास्त होता येत नाही. साध्या हवेत रक्तातले त्याचे प्रमाण निम्मे व्हायला चार-पाच तास लागतात, शुद्ध प्राणवायूवर सव्वा ते दीड तास. एकाच घरातल्या अनेकांना एकाच वेळी डोकेदुखी आणि ओकाऱ्या झाल्या, आणि महिना पौषाचा असला, तर जेवणाआधी शेगडीची आणि स्नानगृहातल्या गॅस गिझरची चौकशी करावी. निखाऱ्यांवर राख पडली, धूर दिसेनासा झाला, म्हणजे शेगडी निर्धोक झाली, ही समजूत सर्वांत घातक आहे. धूर संपल्यावरही हा वायू निघतच असतो.

उलट बिचाऱ्या विजेच्या हीटरवर 'तो खोलीतला प्राणवायू खातो' असा आरोप होतो. तेथे काही जळतच नाही, तर प्राणवायू खर्च कसा होणार? हवा कोरडी होते हे खरे, पण तो दोष हीटरच्या जातीचा नाही. आठ अंशांची ९० टक्के आर्द्रतेची हवा बावीस अंशांवर नेली, की तिची सापेक्ष आर्द्रता सदतीस टक्क्यांच्या आसपास येते, मग उष्णता फरशीतून येवो की रॉडमधून. खोलीत ओला टॉवेल वाळत घालणे हा आपल्या आयांचा उपाय उत्तम आहे. बावीसच्या वर तापमान नेऊच नये. व्यवस्थित कपडे घातलेल्या, पूर्ण दिवसांच्या निरोगी बाळाला वीस ते बावीस अंश पुरतात. कमी वजनाच्या बाळाची खोली पंचवीसच्या खाली जाऊ देऊ नये. आणि त्याच्यासाठी सर्वांत स्वस्त, वीज न लागणारा तापक आईची छाती हाच आहे. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या, भारतासह पाच देशांत केलेल्या अभ्यासात, कमी वजनाच्या बाळांना जन्मापासूनच आईच्या त्वचेशी लावून ठेवल्याने पहिल्या महिन्यातील मृत्यू एक चतुर्थांशाने घटले. बाळ गार पडले आहे का, हे पाहायला यंत्र नको. हाताच्या पालथ्या बाजूने पोट आणि तळपाय चाचपावे. दोन्ही उबदार असतील तर बाळ सुखात आहे. पोट उबदार आणि पाय गार असतील तर ते गारठू लागले आहे. दोन्ही गार असतील तर त्याला उराशी धरून लगेच डॉक्टरकडे निघावे.

तर मला विचारणाऱ्यांना मी काय सांगतो? जुन्या घराची चांगली फरशी यासाठी उखडू नका. छत झाका, खिडकीला जाड पडदा लावा, सतरंजी अंथरा, आणि दोन्ही कामे करणारा एअर कंडिशनर घ्या. तो परवडत नसेल तर थर्मोस्टॅट असलेला तेलाचा रेडिएटर बाळाच्या खोलीपुरता पुरे. नवे घर बांधत असाल, फरशी अजून पडायची असेल, आणि हौस असेल, तर स्नानगृहात आणि फार तर एका बैठकीच्या खोलीत तार घाला.

ती घालताना विद्युत मंडळाकडून मंजूर झालेला भार पुरेल का ते आधी पाहावे. या तारेला स्वतंत्र सर्किट, उत्तम अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरला तुटणारा अर्थ लीकेज ब्रेकर असल्याखेरीज स्नानगृहात ती घेऊ नये. हवेची आणि फरशीची अशा दोन्ही संवेदक तारा असलेला थर्मोस्टॅट मागावा. पलंग, बैठी कपाटे आणि दिवाण जेथे येणार, तेवढी जागा आखून मोकळी सोडावी. फरशी बसवण्यापूर्वी तारेचा रोध आणि मेगरने तिचे आवरण तपासून घ्यावे. जाळी अंथरल्यावर पुन्हा, आणि गवंडी काम आटोपून गेल्यावर तिसऱ्यांदा. तिन्ही आकडे वायरमनकडून सहीनिशी लिहून घ्यावेत, कारण गवंड्याच्या थापीचा एक घाव तारेवर बसला, तर तो पुढे दिसत नाही. तार कोठून कोठे गेली आहे त्याची छायाचित्रे काढून घराच्या कागदपत्रांत ठेवावीत. पाच वर्षांनी कोणीतरी कमोड बदलण्यासाठी ड्रिल घेऊन येतोच.